दर्ग्याची जमीन आणि निम्मा वाटा

आमच्या दौंड तालुक्यात भीमेच्या काठाने आणि खडकवासल्याच्या कालव्याखाली उसाचे फड उभे असतात. त्यातच एखाद्या गावी पीरसाहेबांच्या दर्ग्याची चार-पाच एकर जमीन असते. कुणा जुन्या धन्याने दिवाबत्तीसाठी, उरुसासाठी, गोरगरिबांसाठी लावून दिलेली. माझ्या माहितीतल्या एका गावात अशा जमिनीचे दर्ग्याला वर्षाकाठी जे मिळते, त्यात उरुसाचा मांडवही उभा राहत नाही. रक्कम वाडवडिलांच्या काळी तोंडी ठरली, ती तशीच राहिली. त्याच रानातला ऊस मात्र दर हंगामात कारखान्याला जातो.

अशा जमिनीला वक्फ म्हणतात. हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना सल्ला दिला, की मूळ राखावे आणि उत्पन्न वाटावे. अशी जमीन विकायची नाही, वारसांना द्यायची नाही. म्हणजे ती पडीक ठेवायची, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याच खैबरची शेते निम्म्या उत्पन्नाच्या कराराने कसायला दिली होती. या पद्धतीला मुजारअत म्हणतात. आपल्याकडे आपण तिला वाट्याने किंवा बटाईने देणे म्हणतो. यात अट एकच. वाटा हिश्शात ठरवायचा, ठरावीक पोत्यांत नव्हे. पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे.

हेच तत्त्व शहरातही चालते. सिंगापूरच्या मुस्लिम धार्मिक परिषदेने २००१ मध्ये भागीदारीच्या तत्त्वावर रोखे काढून साडेतीन कोटी डॉलर उभे केले आणि बेनकूलन रस्त्यावरील वक्फच्या जागेवर मशिदीसह व्यापारी इमारत बांधली. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले, की देशातील सुमारे ४ लाख ९० हजार वक्फ मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये आहे. नीट वापर झाला तर ते १२,००० कोटींवर जाऊ शकेल, असा समितीचा अंदाज होता.

मग अडते कुठे? पहिली अडचण भीतीची. १९४८ च्या कुळकायद्याची आठवण गावात अजून ताजी आहे. लेखी दिले की जमीन गेली, असे विश्वस्तांना वाटते. पण कागद नसला की हिशेबही मागता येत नाही, आणि कसणाऱ्याचा ताबा तर वर्षानुवर्षे चालूच राहतो.

दुसरी अडचण मुदतीची. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. व्यापार, शिक्षण व आरोग्यासाठी शासनाच्या मान्यतेने ३० वर्षांपर्यंत भाडेपट्टा देण्याची सोय तिने केली. शेतजमिनीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा मात्र रद्दबातल ठरतो. तीन वर्षांत डाळिंबाच्या बागेचा खर्च फिटणे कठीण. उसाचे गणित मात्र बसते. आडसाली लागण अठरा महिन्यांची, खोडवा बारा महिन्यांचा. अडीच वर्षांत दोन तोडी होतात, आणि नवा करार करायला सहा महिने उरतात.

समजा, चार एकरांत एकरी ४० टन ऊस आला आणि टनाला ३,००० रुपये मिळाले. एकूण ४ लाख ८० हजार झाले. बेणे, खत, मशागत व पाण्याचा खर्च निम्मा धरला, तरी २ लाख ४० हजार उरतात. निम्म्या वाट्याने दर्ग्याला १ लाख २० हजार मिळतील. गावातल्या किती पोरांची वह्या-पुस्तके आणि वसतिगृहाची फी त्यात भागेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

म्हणून मुतवल्लींना माझे सांगणे एवढेच. आधी सातबारा काढा आणि नोंदी तपासा. पट्टा द्यायचा तर वक्फ मंडळाची मंजुरी, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि बोली हे टप्पे टाळू नका. खर्च कुणी किती करायचा, कारखान्याचे बिल कुणाच्या खात्यात जमा व्हायचे, मुदत संपल्यावर रान कसे मोकळे करायचे, हे कागदावर आणा. आज जो कसतो आहे त्यालाही बोलीत उतरू द्या. त्याचाही घाम त्या मातीत आहे.

आणि उरुसाच्या दिवशी, सारा गाव जमलेला असताना, वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)