खासबागेचें मैदान : जावें कसें, पाहावें काय

इंदापूर तालुक्यांतील कळंब हें नीरा नदीच्या खोऱ्यांतील गांव. शेजारीं वालचंदनगरची कारखान्याची वसाहत आणि भोंवतीं कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊंस, असा हा टापू. येथील कोणत्याहि गांवची जत्रा घ्या. दुपार कलली कीं माणसांचा ओघ एकाच दिशेनें वाहूं लागतो. ती दिशा कुस्त्यांच्या फडाची. नांगरून भुसभुशीत केलेलें एखादें शेत, मध्यें हलगीचा कडकडाट आणि सभोंवार माणसांचें कडें. पुढच्या रांगा मांडी घालून बसतात, त्यांच्या मागच्या उभ्या राहतात, आणि त्यांच्याहि मागें येणाऱ्यांना कुस्ती पाहावयास मिळत नाहीं, ती ऐकावी लागते. पुढून गलका उठला कीं डाव लागला असें समजावयाचें. मग कोणी बाभळीवर चढतो, कोणी मोटारीच्या टपावर उभा राहतो, आणि तरीहि चितपट कोण झाला हें दुसऱ्याच्याच तोंडून कळतें.

सपाट जमिनीवर जमलेल्या हजारों माणसांना दोन मल्लांची झुंज सारखीच स्पष्ट कशी दाखवावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचें उत्तर एका मराठी राजाला रोमच्या भग्नावशेषांत सांपडलें, आणि तें कोल्हापुरांत खासबागेच्या मैदानाच्या रूपानें आजहि पाहावयास मिळतें. कळंबकडच्या कुस्तीप्रेमी माणसानें तें एकदां तरी पाहून यावें. मात्र तें काय आहे हें आधीं समजून घ्यावें. न समजतां गेलें तर तेथें गोल पायऱ्या आणि मधोमध मातीचा आखाडा, एवढेंच दिसेल.

छत्रपती शाहू महाराज १८७४ सालीं जन्मले व १८९४ सालीं त्यांनीं कोल्हापूरचा राज्यकारभार हातीं घेतला. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. स्वतः लाल मातींत उतरलेला हा राजा मल्लांना बक्षिसें देऊन स्वस्थ बसला नाहीं. त्यानें तालमींना आधार दिला, मल्लांच्या खुराकाची व्यवस्था लावली आणि उत्तरेकडील नामांकित पहिलवान कोल्हापुरांत आणविले. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें महाराज विलायतेस गेले. त्याच प्रवासांत त्यांनीं रोम शहरांतील कलोसियम हें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि असें मैदान आपल्या मल्लांसाठीं बांधावें ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली. त्याच वर्षीं २६ जुलै रोजीं संस्थानच्या नोकऱ्यांत पुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. या दोन गोष्टींचा संबंध कागदोपत्रीं जोडतां येणार नाहीं. तरीहि मागच्या रांगेंतल्या माणसालाहि पुढच्याइतकेंच मिळावें, ही दृष्टि दोहोंकडे दिसून येते.

कलोसियमचें काम व्हेस्पेशियन बादशहानें आरंभिलें आणि त्याचा मुलगा टायटस याच्या कारकीर्दींत, इसवी सन ८० मध्यें, त्याचें उद्घाटन झालें. आकार लंबवर्तुळाचा, लांबी सुमारें १८८ मीटर, रुंदी सुमारें १५६ मीटर व उंची सुमारें ४८ मीटर. कमानींवर कमानी चढवून रोमन गवंड्यांनीं दगडी बैठका आभाळांत उचलल्या. परंतु तेथें बसण्याची जागा दर्जाप्रमाणें ठरे. सरदार मंडळी अगदीं पुढें, आणि गरीब माणसें व स्त्रिया सर्वांत वर. खेळ म्हणाल तर माणसें आणि जनावरें एकमेकांच्या जिवावर सोडीत. शाहू महाराजांनीं रोमपासून आकार घेतला, खेळ घेतला नाहीं. खासबागेंत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली कीं झुंज संपते, आणि हरलेला मल्ल अंगावरची माती झाडून पुढच्या जत्रेच्या तयारीस लागतो.

हें मैदान १९१२ सालीं बांधून पूर्ण झालें. मध्यभागीं आखाडा, आणि त्याच्या चहूंबाजूंस वर चढत गेलेली वर्तुळाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. सुमारें तीस हजार माणसें येथें बसूं शकतात असें सांगतात. या रचनेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली उताराची. पुढें बसलेल्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर थेट आखाड्यांत उतरली पाहिजे. प्रत्येक रांग आपल्या पुढच्या रांगेहून थोडी उंच असली म्हणजे हें साधतें. मग कोणास उभें राहण्याचें कारण उरत नाहीं, आणि पुढचा उठत नाहीं म्हणून मागचाहि उठत नाहीं. जत्रेच्या फडांत सारा गोंधळ एकाच्या उभें राहण्यानें सुरू होतो. दुसरी गोष्ट वर्तुळाची. कुस्तीला पुढची बाजू व मागची बाजू अशी नसते. मल्ल एकमेकांस धरून सारखे फिरत असतात. आतां ज्याची पाठ दिसते त्याचा चेहरा क्षणांत समोर येतो, आणि डाव कोणत्या अंगास लागेल याचा नेम नाहीं. म्हणून कुस्तीचा प्रेक्षक सर्व बाजूंनीं असावा, व एका रांगेंतील प्रत्येकाचें आखाड्यापासूनचें अंतर सारखें असावें. चौकोनी जागेंत कोपऱ्यांतला माणूस दूर पडतो. वर्तुळाला कोपराच नसतो.

याचा पडताळा शेजारींच मिळतो. मैदानाला लागूनच महाराजांनीं नाट्यगृह बांधविलें. १९१५ सालीं तें पूर्ण झालें, त्यास पॅलेस थिएटर म्हणत, आणि पुढें संगीत नट केशवराव भोसले यांचें नांव त्यास देण्यांत आलें. नाटकाला एकच पुढची बाजू असते, म्हणून तेथें सर्व खुर्च्या एका दिशेस तोंड करून मांडावयाच्या. कुस्तीला सर्वच बाजू पुढच्या, म्हणून येथें सर्वांनीं गोल बसावयाचें. एका राजानें तीन वर्षांच्या अंतरानें दोन कलांसाठीं शेजारीं शेजारीं दोन निराळे आकार उभे केले. दोन्ही एका भेटींत पाहिल्यावांचून यांतील मर्म ध्यानांत येत नाहीं.

आखाड्याच्या मातीकडेहि नीट पाहावें. ती शेतांतून उचलून आणलेली साधी माती नव्हे. लाल माती चाळून घेऊन तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, काव असे पदार्थ मिसळतात आणि ती वारंवार खणून वरखालीं करतात. अशा मातींत पडलेल्या अंगास इजा कमी होते. शिवाय घामानें निसरडें झालेलें अंग मातीनें कोरडें होऊन पकड बसते. म्हणूनच मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. अपमान करण्याचा हेतु त्यांत नसतो, एकमेकांस पकड देण्याची ती रीत आहे. ही माती रोजच्या खणण्यानें मऊ राहते. तालमी ओस पडल्या तर हीच माती दगडासारखी होईल.

आतां जाण्याची वाट. कळंबहून वालचंदनगर व जंक्शन या मार्गानें बारामती-इंदापूर रस्त्यास लागावें आणि लासुर्णें, भवानीनगर या गांवांवरून बारामती गांठावी. तेथून नीरा ओलांडून फलटण, फलटणहून वाठार स्टेशनच्या बाजूनें सातारा, आणि साताऱ्यापासून पुणें-बंगळूर हमरस्त्यानें उंब्रज, कराड, पेठ नाका असें करीत कोल्हापूर. हा सारा पल्ला अडीचशे किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. एस. टी. नें जाणाऱ्यास थेट गाडी न मिळाल्यास फलटण किंवा सातारा येथें गाडी बदलावी. साताऱ्याहून कोल्हापूरकडे गाड्यांचा राबता मोठा आहे. आगगाडीची हौस असेल त्यानें बारामतीहून रस्त्यानें लोणंद गांठावें व पुणें-मिरज लोहमार्गानें कोल्हापुरास उतरावें. बारामतीहून दौंड, तेथून पुणें आणि मग कोल्हापूर, हा आगगाडीचा दुसरा मार्ग. परंतु दक्षिणेस जाण्यासाठीं आधीं उत्तरेस जाण्याचा हा वळसा वेळ खातो. मिरजेहून कोल्हापुरास जाणारा फांटा १८९१ सालीं सुरू झाला, आणि त्या टोकाच्या स्टेशनास आज छत्रपती शाहू महाराजांचेंच नांव आहे.

मोटारीनें जाणाऱ्यानें वाटेंत कराडजवळ घटकाभर थांबावें. कराडच्या अगदीं जवळ गोळेश्वर हें गांव आहे. खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ सालीं याच गांवीं झाला. कोल्हापुरांत राजाराम कॉलेजांत शिकत असतां त्यांची कुस्ती नांवारूपास आली. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांस सहावा क्रमांक मिळाला. मातीवर वाढलेल्या मल्लास तेथें गादीवर, निराळ्या नियमांनीं, लढावें लागलें होतें. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैशाची अडचण पडली, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं त्या पैशाचें सोनें केलें. पदक कांस्याचें होतें खरें, परंतु स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. गोळेश्वर पाहून मग खासबागेंत गेलें म्हणजे त्या मातीला किती दूरचें फळ आलें हें समजतें.

कोल्हापुरांत उतरल्यावर रिक्षानें भवानी मंडपाशीं यावें. अंबाबाईचें दर्शन घ्यावें, मंडपाजवळची मोतीबाग तालीम बाहेरून का होईना पाहावी, आणि तेथून पायींच खासबागेंत जावें. गंगावेस, शाहूपुरी या तालमींचीं नांवें कुस्तीच्या जगांत सर्वतोमुखीं आहेत. तेथें आजहि खेड्यापाड्यांतून आलेले मुलगे पहाटे उठून जोर-बैठका काढतात. तालमींत शिरावयाचें झाल्यास वस्तादांची परवानगी घ्यावी, पादत्राणें बाहेर काढावीं, आणि परवानगीवांचून आखाड्याच्या मातीवर पाय ठेवूं नये. ती माती मल्लांना देवासारखी आहे.

शक्य असल्यास कुस्त्या ठरलेल्या असतील त्याच दिवशीं जावें. पावसाळा सरला कीं हंगाम सुरू होतो, आणि मैदानाचीं पत्रकें आधींच गांवोगांव लागतात. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि शेवटीं मुख्य जोड, असा क्रम असतो. सलामी, मग खडाखडी, मग पट काढण्याचे प्रयत्न, आणि पाहतां पाहतां ढाक, घिस्सा किंवा कलाजंग. नवख्या प्रेक्षकानें मल्लांच्या हातांपेक्षां त्यांच्या पायांकडे पाहावें. डावाची चाहूल तेथें आधीं लागते. मातीवरील निकाली कुस्तींत चितपट झाल्याखेरीज निकाल नाहीं, म्हणून कधीं एका क्षणांत सारें आटोपतें व कधीं तासभर कोंडी फुटत नाहीं. गादीवरील कुस्तींत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव व गुणांचा हिशोब असतो. जागतिक स्पर्धा गादीवर होतात, म्हणून आजच्या मल्लाला दोन्ही यावें लागतें. १९६१ सालापासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंतहि आतां माती व गादी असे दोन विभाग असतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली आणि तें जळून गेलें. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. मैदानाच्या व्यासपीठासहि त्या आगीची झळ पोहोंचली. नाट्यगृह पुन्हां उभारण्याचें ठरलें आहे. या घटनेनें पुष्कळांस प्रथमच जाणवलें कीं शंभर वर्षें उभी असलेली वास्तु एका रात्रींत जाऊं शकते. खासबागेच्या मैदानाला धोका आगीचाच आहे असें मात्र नव्हे. दगडाच्या पायऱ्या दुरुस्त करतां येतात. परंतु त्या पायऱ्यांवर बसणारा जाणता प्रेक्षक उरला नाहीं, तर ती दुरुस्ती एखाद्या थडग्याच्या दुरुस्तीसारखी ठरेल. कलोसियम पाहण्यास आज जगांतून माणसें जातात, पण तेथें आतां कोणी खेळत नाहीं. खासबागेचें भाग्य असें कीं तेथें अजून खेळतात.

म्हणून तेथें जाणाऱ्यानें नुसतें छायाचित्र घेऊन परतूं नये. सर्वांत मागच्या पायरीवर जाऊन बसावें, तेथून आखाडा कसा दिसतो तें पाहावें, आणि ती युक्ति गांवीं घेऊन यावी. कळंबसारख्या गांवाला दगडी मैदान बांधणें परवडणार नाहीं. पण जत्रेचा फड सपाट शेतांत मांडण्याऐवजीं ओढ्याच्या उतरत्या काठाशीं मांडणें, किंवा फडाभोंवतीं चार ट्रॉल्या मातीचा गोल बांध घालणें, हें कोणत्याहि गांवास जमेल. असें झालें तर मागच्या रांगेंतल्या पोरालाहि डाव स्पष्ट दिसेल. आणि डाव दिसला तरच तो शिकण्याची इच्छा होते.