ग्रॅम, मोल आणि ‘अणू’ या संज्ञेचे दोन अर्थ

तराजू पदार्थाचे वस्तुमान सांगतो; त्यातील कणांची संख्या सांगत नाही. रासायनिक क्रिया मात्र कणांच्या संख्येच्या प्रमाणात घडते. वस्तुमान आणि संख्या यांना जोडणारे एकक म्हणजे ‘मोल’ होय. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा मोल म्हणजे सुमारे ६,०२२ या आकड्यापुढे २० शून्ये दिल्यावर होणारी संख्या. १९७१ साली मोलला आंतरराष्ट्रीय पद्धतीतील मूलभूत एककाचे स्थान मिळाले. तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारलेली होती. २०१९ पासून ती एका निश्चित संख्येवर आधारलेली आहे.

ग्रॅमचे मोलमध्ये रूपांतर करण्याची रीत सोपी आहे. पदार्थाच्या ग्रॅममधील वस्तुमानाला त्याच्या एका मोलच्या वस्तुमानाने भागावे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. त्यांची अणुवस्तुमाने स्थूलमानाने अनुक्रमे १ व १६. म्हणून पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा. अर्थात ३६ ग्रॅम पाणी म्हणजे पाण्याच्या रेणूंचे २ मोल.

तथापि, मोजावयाचा कण कोणता, हे सांगितल्याशिवाय हा भागाकार पुरा होत नाही. ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू असतात. म्हणून १६ ग्रॅम ऑक्सिजन वायूत रेणूंचा अर्धा मोल, परंतु अणूंचा एक मोल असतो. येथेच गणिताचा प्रश्न भाषेचा प्रश्न होतो.

हिंदी, बंगाली व गुजराती या भाषांत मूलद्रव्याच्या लघुतम कणास ‘परमाणु’ आणि अशा कणांच्या संयोगास ‘अणु’ म्हणतात. मराठीत पहिल्यास ‘अणू’ व दुसऱ्यास ‘रेणू’ अशा संज्ञा रूढ आहेत. हिंदीतील ‘परमाणु ऊर्जा’ मराठीत ‘अणुऊर्जा’ होते, ती यामुळेच. वैशेषिक दर्शनात परमाणू व दोन परमाणूंचे द्व्यणुक असा क्रम आहे. ‘रेणू’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ धूलिकण. एकाच शब्दभांडारातून निवड झाली, परंतु ती निरनिराळी झाली.

परिणामी, “१६ ग्रॅम ऑक्सिजन वायूत अणूंचे किती मोल?” या प्रश्नाचे उत्तर हिंदी अर्थाने ०.५, तर मराठी अर्थाने १ येते. हिंदी पाठ्यपुस्तकातील ‘अणु’ मराठी अनुवादात तसाच राहिला, तर वाक्य शुद्ध राहील, उत्तर मात्र दुप्पट होईल. हेलियमच्या बाबतीत ही चूक उत्तरात दिसणारही नाही, कारण तो वायू एकेकट्या अणूंचाच बनलेला असतो.

भारतीय भाषांचा समान संस्कृत शब्दसंग्रह हा त्यांच्या परस्परसंबंधाचा आधार मानला जातो, आणि ते योग्यही आहे. परंतु शास्त्रीय अनुवादात शब्दाचे साम्य हे अर्थसाम्याचे प्रमाण ठरत नाही. तेथे संज्ञेचे मोल तिच्या व्युत्पत्तीवरून नव्हे, तर त्या भाषेतील तिच्या निश्चित वापरावरूनच ठरवावे लागते.