६४ माणसांची काउंटी

टेक्सासच्या पश्चिम भागात, न्यू मेक्सिकोच्या सीमेला खेटून लव्हिंग काउंटी आहे. क्षेत्रफळ जवळपास १,७५० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती फक्त ६४! एका एसटीत, थोडी दाटीवाटी केली तर, अख्खी काउंटी बसेल.

नावात प्रेमबिम काही नाही. ते आलं ऑलिव्हर लव्हिंगवरून; गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा हा माणूस. १८६७ मध्ये पेकोस नदीकाठी कोमांची जमातीच्या योद्ध्यांच्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि त्यातच गेला. भागीदार चार्ल्स गुडनाइटनं त्याचा मृतदेह टेक्सासला परत आणला.

काउंटीचा कारभार १८९३ मध्ये सुरू झाला. कालव्याच्या पाण्यावर शेती फुलवण्याची स्वप्नं विकली गेली, पण चारच वर्षांत सगळा गाशा गुंडाळला. पुढं तेल सापडलं आणि १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. टेक्सासमध्ये दोनदा स्थापन झालेली ही एकमेव काउंटी.

मेंटोन हे मुख्यालय, आणि गाव म्हणावं असं तेवढंच. जमीन सपाट, कोरडी, खुरट्या झुडपांची. पेकोस वाहते खरी, पण पाणी खारट; त्यामुळे मेंटोनमध्ये कित्येक वर्षं पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागे. जमिनीखाली तेल मुबलक, घागर मात्र रिकामी!

अशा या आडवळणाच्या काउंटीत १९४५ मध्ये एडना रीड क्लेटन ड्यूईस शेरीफ झाल्या. निवडणूक जिंकून शेरीफ झालेल्या टेक्सासमधल्या त्या पहिल्या महिला. पिस्तूल काही त्या बाळगत नसत.