स्पीकर बदलण्याआधी कान तपासा

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी दवाखान्यात आले. मुलाने घेऊन दिलेली नवी म्युझिक सिस्टीम 'मंद' वाजते, ही त्यांची तक्रार. सूनबाईंची तक्रार उलटी. "डॉक्टर, बाबांच्या गाण्याने मांडणीवरची भांडी वाजतात!" कानात मळ नव्हता. श्रवणचाचणीत मात्र बारीक, उंच स्वर ऐकू येत नसल्याचे दिसले. दोष स्पीकरचा नव्हता.

आतल्या कानातील नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा जेमतेम ४ तास.

म्हणून सिस्टीम घेताना वॅटच्या आकड्यांना भुलू नका. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. भीमसेनजींचे ओळखीचे गाणे दुकानात मध्यम आवाजात ऐका. तानपुरा आणि शब्द स्वच्छ आले की पुरे. घरी दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधा; स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत. आपल्या मावळातल्या पावसात ते ओल्या भिंतीपासून हातभर दूरच ठेवा.

गाणे चालू असताना शेजारच्याशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज जास्त आहे असे समजा. कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गृहस्थांनी महिनाभर कुरकुर करून श्रवणयंत्र घेतले. सिस्टीम तीच आहे. भांडी मात्र आता वाजत नाहीत!