ओटा, ओसरी, माजघर : वेब सर्व्हरवरील फाइलींची मांडणी

काही वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी हौसेने तयार केले. काम उरकताना सभासदांची यादी (नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक) एका फाइलीत उतरवून छायाचित्रांच्या फोल्डरमध्येच ‘जुने’ नावाच्या कप्प्यात ठेवली आणि विसरून गेलो. पुढे एका सभासदाने सहज स्वतःचे नाव गूगलवर शोधले, तर अख्खी यादी समोर! कुणी कुलूप फोडले नव्हते. तिजोरी मीच ओट्यावर ठेवली होती. त्या ओशाळवाण्या प्रसंगातून हा अभ्यास सुरू झाला.

वेब सर्व्हर हा मागितलेली फाइल आणून देणारा प्रोग्रॅम. तो कुठून आणून देणार, हे एका फोल्डरने ठरते. त्याला ‘डॉक्युमेंट रूट’ म्हणतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात नावापुढे जे लिहिले जाते, ते सर्व्हर या फोल्डरच्या आत शोधतो. म्हणजे हा आपल्या वाड्याचा ओटा. इथे ठेवलेली वस्तू येणाऱ्याजाणाऱ्याची. म्हणून पहिला नियम असा की, जे जगाला दाखवायचे नाही ते या फोल्डरमध्ये ठेवूच नये.

माझी यादी सापडली कशी? ज्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नसते, तिथे तशी सोय चालू असेल तर सर्व्हर आतल्या सगळ्या फाइलींची सूची आपण होऊन दाखवतो. ‘सर्व छायाचित्रे’ असा दुवा मी त्या फोल्डरलाच दिला होता. शोधयंत्र त्या वाटेने आत गेले. ही सूची बंद करणे एका ओळीचे काम आहे, पण ‘नाव कुणाला कळणार?’ हा भरवसा मुळातच खोटा. काहीजण ‘रोबोट्स’ नावाच्या फाइलीत ‘इकडे येऊ नका’ असे लिहून निश्चिंत होतात. १९९४ पासूनचा हा संकेत म्हणजे नुसती विनंती आहे. शिवाय ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे चोराला खोलीचा पत्ता आपणच दिला!

तेव्हा मांडणी अशी करावी. संकेतस्थळासाठी एक मुख्य फोल्डर. त्यात ‘सार्वजनिक’ हा एकच कप्पा डॉक्युमेंट रूट. त्याच्या शेजारी, पण बाहेर, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल, प्रोग्रॅमचे मुख्य भाग, नोंदवह्या. हे माजघर. बॅकअप तर दुसऱ्याच यंत्रावर असावा. वाडा जळाला तर दागिने शेजारच्या गावी असलेले बरे.

पण नुसती भिंत पुरत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची या प्रसिद्ध सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत एक चूक उघड झाली. पत्त्यात दोन टिंबे लिहिली की ‘एक पायरी वर’ असा अर्थ होतो. सर्व्हर ती वाट अडवतो, पण टिंब सांकेतिक रूपात लिहिले तर ही आवृत्ती फसत असे. बाहेरच्या फोल्डरांना ‘सर्वांना मनाई’ हा नियम जिथे लावलेला नव्हता, तिथल्या फाइली बाहेरून वाचता येऊ लागल्या. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. ज्यांनी मनाईचा नियम आधीच लावला होता, त्यांची ती चूक झाकली गेली. एक भिंत पडली तर दुसरी उभी हवी, ती अशी.

दुसरी भिंत परवानग्यांची. युनिक्स पद्धतीत प्रत्येक फाइलीला तीन अंक असतात : मालक, गट आणि इतर यांच्यासाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, आणि त्यांची बेरीज. साध्या पानाला ६४४ पुरे : मालकाने लिहावे, बाकीच्यांनी वाचावे. फोल्डरला ७५५, कारण फोल्डरच्या बाबतीत ‘१’ म्हणजे आत शिरण्याची मुभा. पासवर्डच्या फाइलीला ६४० : मालक मी, गट सर्व्हरचा, इतरांना शून्य. काही अडले की ७७७ करून मोकळे होण्याची सवय फार आहे. ते म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून टाकणे. सर्व्हरला वाचू द्यावे, प्रोग्रॅमच्या फाइलींत लिहू देऊ नये. मग कुणी आत शिरलाच तरी त्या फाइली बदलणे त्याला सोपे जात नाही.

लोक जिथे छायाचित्रे पाठवतात तो कप्पा ओसरीसारखा. पाहुण्याला तिथवर येऊ द्यावे लागते, म्हणजे सर्व्हरला तिथे लिहू द्यावेच लागते. म्हणून त्या कप्प्यातली कोणतीही फाइल प्रोग्रॅम म्हणून चालणार नाही, अशी सक्त मनाई करावी. चित्राच्या वेषात आलेला प्रोग्रॅम ही जुनी युक्ती आहे.

हे सारे पहिल्या दिवशी कागदावर आखले तर तासाभराचे काम. नंतर करायचे तर दुवे तुटतात आणि कंटाळा आडवा येतो. वाचनालयाची यादी मी काढली, शोधयंत्रातूनही हटवून घेतली. मधल्या काळात ती कुणी उतरवून घेतली, हे मात्र कधीच कळणार नाही. पत्ते माझे नव्हते, विश्वासाने दिलेले होते. ज्यांच्या हाती एखाद्या शाळेचे, सोसायटीचे, मंडळाचे संकेतस्थळ असेल, त्यांनी या सुट्टीत एकदा आपला ओटा तपासावा.