खोक्यावरचे ९० फूट : डार्ट ब्लास्टर निवडताना नेमकं काय मोजायचं?

'ऑपरेशनल डेफिनिशन' हा शब्द पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येतो. त्याचा अर्थ फार अवघड नाही. 'चांगलं', 'प्रभावी', 'वेगवान' असे मोघम शब्द मोजता येईल अशा कृतीत उतरवायचे, एवढंच. आज आपण ते एका खेळण्यावर करून बघू. फोमचे मऊ डार्ट उडवणारा ब्लास्टर, म्हणजे नर्फ वगैरे. मी जिथे पीएचडी करतोय त्या अमेरिकेत विद्यापीठांत ही खेळणी भरपूर दिसतात. 'ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज' हा कॅम्पसभर चालणारा खेळ २००५ साली मेरीलँडमधल्या गाउचर कॉलेजात सुरू झाला, तो याच ब्लास्टरांच्या जिवावर. आपला प्रश्न त्याहून साधा आहे. चार-सहा मित्रांना कॉमन रूममध्ये किंवा गच्चीवर खेळायचंय, ब्लास्टर उघडून त्यात फेरफार करायचे नाहीत, खोक्यातून काढायचा आणि खेळायचं. मग कुठला घ्यायचा?

दुकानात गेलात की खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा दिसतो. नर्फच्या एलिट २.० मालिकेवर तो '९० फूट, म्हणजे २७ मीटरपर्यंत' असा असतो. तुमच्या मनात लगेच 'जास्त फूट म्हणजे जास्त चांगला' असं समीकरण तयार होतं. इथेच थांबा.

थोडं गणित करू. या वर्गातल्या ब्लास्टरमधून डार्ट साधारण सेकंदाला २१ मीटर वेगाने निघतो. तुम्ही १.४ मीटर उंचीवरून सरळ आडवा नेम धरलात, तर डार्टला जमिनीवर पडायला सुमारे ०.५३ सेकंद लागतात. हवा नसती तरी तो ११ मीटरच्या आसपास पडला असता. प्रत्यक्षात हवा असते, आणि डार्ट जेमतेम १ ग्रॅमचा, त्यामुळे तो आणखी अलीकडेच पडतो. मग २७ मीटर आले कुठून? नळी वर तिरकी धरली की येतात. आकडा खोटा नाही हं. फक्त तो 'ब्लास्टर आभाळाकडे धरला तर डार्ट कुठवर जाईल' या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न आपण विचारलेलाच नव्हता. समोरचा भिडू सोफ्यामागे ७ मीटरवर लपलाय. तिथे लागतो का, ते आपल्याला हवंय. संशोधनात यालाच व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात. मोजमाप काटेकोर असू शकतं आणि तरीही भलत्याच गोष्टीचं असू शकतं.

तर मग आपली व्याख्या आपणच करू. मैत्रीच्या खेळासाठी मी तीन गोष्टी धरतो : ७ मीटरवरून माणसाच्या धडाएवढ्या चौकटीत किती डार्ट लागतात, पुन्हा भरण्यासकट एका मिनिटात किती डार्ट सुटतात, आणि गटातल्या सगळ्यात लहान भिडूला तो एकट्याने ओढता येतो का.

पहिली गोष्ट मोजताना बहुतेक जण गडबड करतात. एका ब्लास्टरमधून नवे कोरे डार्ट मारतात, दुसऱ्यातून पलंगाखालून काढलेले चेपलेले. मग फरक ब्लास्टरचा की डार्टचा, कसं कळणार? बारा डार्ट घ्या, पेनने १ ते १२ नंबर टाका, आणि तेच बारा डार्ट दोन्ही ब्लास्टरमधून मारा. कुठला ब्लास्टर आधी, ते नाणं उडवून ठरवा, कारण दुसऱ्या फेरीपर्यंत तुमचाच हात बसलेला असतो. आता समजा, एकाचे १० लागले आणि दुसऱ्याचे ८. पहिला जिंकला? नाही. ज्याचे खरोखर ७५ टक्के नेम लागतात, अशा ब्लास्टरचे बारापैकी सरासरी ९ लागतील, आणि त्यात दीडेक इकडे-तिकडे निव्वळ योगायोगानेच होणार. (बायनॉमियलचं सूत्र आठवा : १२ × ०.७५ × ०.२५, आणि त्याचं वर्गमूळ.) ८ आणि १० दोन्ही त्याच पट्ट्यात बसतात. शंभर-शंभर डार्ट मारायचा उत्साह असेल तर मारा, नाहीतर 'नेमात फरक दिसला नाही' असं लिहून पुढे चला. असा निष्कर्ष लिहायला जमणं हे प्रबंध लिहिताना फार कामाला येतं.

जोडायच्या लांब नळ्यांचंही तसंच. नळी लांब, म्हणजे नेम चांगला, असं वाटतं. पण ही प्लॅस्टिकची नळी डार्टपेक्षा सैल असते, त्यामुळे ती हवा अडवून वेग वाढवत नाही. झालाच तर अडथळाच होतो. बारा डार्ट नळी लावून, तेच बारा काढून. बघा करून.

खरा फरक दुसऱ्या गोष्टीत पडतो. ब्लास्टर ढोबळमानाने दोन जातींचे. स्प्रिंगवाल्यात स्लाइड मागे ओढली की स्प्रिंग दाबली जाते, ट्रिगर दाबला की दट्ट्या सुटतो आणि हवा डार्टला ढकलते. मोटरवाल्यात दोन फिरती चाकं डार्टला चिमटीत धरून बाहेर फेकतात. हे मोटरवाले भराभर मारतात खरे, पण चाकांना वेग यायला क्षणभर लागतो, घरघर आवाजाने तुमची जागा कळते, बॅटरी लागते (स्ट्राइफला चार पेन्सिल सेल), आणि वाकडा डार्ट मॅगझिनमध्ये अडकला की झाकण उघडून बसा. मैत्रीच्या खेळात डार्ट सगळ्यांचे एकत्र असतात आणि जमिनीवरून उचलूनच भरायचे असतात. तिथे मला स्ट्राँगआर्म किंवा कमांडरसारखा सहा डार्टचं फिरतं सिलिंडर असलेला, हाताने ओढायचा ब्लास्टर सरस वाटतो. हाताला लागेल तो डार्ट पुढून खुपसला की काम झालं. शक्य असेल तर सगळ्यांनी एकच मॉडेल घ्या. मग जिंकला तो भिडू जिंकला, ब्लास्टर नाही.

'फेरफार न केलेला' या अटीवर मी का अडून आहे? डार्टची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ ग्रॅमचा डार्ट सेकंदाला २१ मीटरने जातो तेव्हा ऊर्जा ०.२२ ज्यूल. कडक स्प्रिंग घालून वेग दुप्पट केला की ०.८८, म्हणजे चौपट. समोरच्याला मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. तो जुन्याच अंदाजाने पुढ्यात उभा राहतो.

आणि डोळ्यांचं काय? २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशा खेळण्यांमुळे डोळ्यांच्या पुढच्या भागात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद केली. केस रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा : असं घडू शकतं, एवढं त्यातून कळतं. किती जणांना घडतं, ते तीन रुग्णांवरून कळत नाही, कारण एकूण खेळणारे किती, हा छेदच आपल्याकडे नाही. म्हणून 'हे खेळणं धोकादायकच' असाही निष्कर्ष निघत नाही आणि 'तीनच तर आहेत' असाही नाही. पण प्रयोगशाळेतला साधा सेफ्टी गॉगल फारसा महाग नसतो, त्यामुळे निर्णय घ्यायला एवढा पुरावा पुरे.

भारतात घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांना सक्तीचं आहे. स्वस्तातल्या नकलांच्या डार्टचं टोक नखाने दाबून बघा. कडक लागलं तर ठेवून द्या. नारिंगी टोकाला काळा रंग तर अजिबात देऊ नका, लांबून बघणाऱ्या वॉचमनला ते खेळणं आहे हे त्या टोकावरूनच कळतं.