रानफुलांचे बी आणि बाजाराची बरकत

व्यापारी व कारागीर बंधूंनो, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तर आमच्या दुकानात गिऱ्हाईक येते. पण त्याच्या काकडी, भोपळा, सूर्यफुलाचे पीक मधमाशीवाचून नीट येत नाही. लाल भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असतात. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोचला नाही, तर कोवळे फळ पिवळे पडून गळते. ही हमाली माशी फुकट करते. शेतात फुलोरा नसतो तेव्हा ती रानफुलांवर जगते.

2022 मध्ये महाबळेश्वरजवळील मांघर हे मधाचे गाव ठरले. त्यानंतर आपल्या भुदरगड तालुक्यातील पाटगावला तो मान मिळाला. तेथील रोजी रानाच्या फुलांवर आहे. कोल्हापूर शहरात मात्र आम्ही अंगणात फरशी घालून माशीची रोजी बंद केली.

उपाय स्वस्त आहे. तेरडा, कुर्डू, तरवड ही आपल्याच मातीतील झाडे. त्यांचे बी रस्त्याकडेला मिळते. सातारच्या कास पठारावरून मात्र काही आणू नये. ते 2012 पासून जागतिक वारशात आहे.

तेरड्याचे पिकलेले बोंड हात लागताच फुटते व बी उडते. आम्ही कापडवाले, मलमलीच्या तुकड्याची पिशवी बोंडावर बांधतो, बी आपोआप त्यात पडते. कुर्डूचे वाळलेले तुरे कागदावर झटकावेत. पण ते शेतात तण होते, म्हणून अंगणापुरतेच लावावे. तरवडाची साल कातडी कमावण्यास उपयोगी, हे चामड्याच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. त्याचे बी टणक. काचकागदावर हलके घासून रात्रभर पाण्यात भिजवावे.

मृगाचा पाऊस पडला की माती मोकळी करून बी पेरावे, वर बोटभरही नको इतकीच माती टाकावी. कीटकनाशक मारू नये. ते मारले तर ज्या पाहुण्यांसाठी फुले लावली तेच मरतील. तुरे वाळेपर्यंत झाडे उपटू नयेत, म्हणजे पुढील सालाचे बी घरचेच होते.

कुरआनात मधमाशीच्या नावाची एक सूरह आहे, सूरह नहल. लावलेल्या रोपातून पक्षी, जनावर वा माणूस खाईल तो सदका ठरतो, असे हदीस सांगते. तेव्हा यंदा प्रत्येक दुकानदाराने दारातील एक फरशी उचलावी आणि गिऱ्हाइकाला मालाबरोबर चिमूटभर बी द्यावे. हा सौदा तोट्याचा नाही.